चिकूच्या वाडीत कॅमेरा: आधी कशावर खर्च करावा

'कॅमेरा कोणता घेऊ?' असं डहाणू-तलासरीकडचं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, परसदारी लिंबू आहे का? समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. पण लिंबाच्या कोवळ्या पानावर नीलवंत अंडी घालतं. काळ्याभोर पंखांवर निळी झळाळी असलेलं हे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच झाडावर लाइम आणि कॉमन मॉर्मन ही त्याची भावंडंही येतात. अंड्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. वाढली की पानासारखी हिरवी होते, आणि छेडलं तर डोक्यामागून दुभंगलेल्या शिंगासारखा भाग बाहेर काढून उग्र वास सोडते. मग कोष, आणि साधारण महिनाभरात फुलपाखरू. हे सगळं साठ-शंभर रुपयांच्या रोपावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. साठ हजारांची लेन्स घेतली आणि समोर लिंबू नसेल, तर त्या लेन्सने कुंपणच टिपावं लागेल.

म्हणून या लेखातला खर्चाचा क्रम दुकानदार सांगतो त्याच्या उलटा आहे. आधी झाडं आणि पाणी, मग उजेड, मग कोरडा डबा, मग लेन्स. कॅमेरा शेवटी. दिलेले दर मी अंदाजाने, ठोक पट्ट्यात देतोय. घ्यायच्या दिवशी दोन ठिकाणी विचारून खात्री करावी.

आपल्या भागाचं भाग्य असं की विषय शोधायला गाडी काढावी लागत नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पुढे १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, त्यांच्या कडेचे ताड, आंबे, मागच्या विहिरी, तलासरीच्या पाड्यांमधली कुडाची घरं हे सगळं अजून पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे. दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, हळद्या, सातभाई, खार, सरडा, पावसात बेडूक, रात्री चिकूवर वटवाघळं. मुंबईचा माणूस सुट्टी काढून जे बघायला येतो, ते आपल्याकडे दात घासताना दिसतं.

पहिले हजार रुपये मातीत

कढीपत्ता आणि लिंबू ही दोन झाडं बहुतेक घरी असतातच. नसतील तर रोपवाटिकेत तीस ते शंभर रुपयांत मिळतात. कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे रोपांची चौकशी करावी. पानफुटी शेजाऱ्याकडून एक पान आणून मातीवर ठेवली तरी रुजते. तिच्यावर रेड पिएरो नावाचं नखाएवढं, खालून काळ्या ठिपक्यांचं आणि केशरी पट्ट्याचं फुलपाखरू येतं, आणि त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते. सीताफळ आणि उंच वाढणारा हिरवा अशोक असेल तर टेल्ड जे येतं. बांधावरची रुई उपटू नका, प्लेन टायगरची सारी पिढी तिच्यावर वाढते. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. पान हाताळलं तर हात धुवून मगच कॅमेऱ्याला डोळा लावा.

पूर्ण वाढलेल्या फुलपाखरांना आणि पक्ष्यांना मध लागतो. लाल एक्झोरा, जास्वंद, केळफूल हे शिंजिराचे अड्डे. जास्वंदीच्या फुलात शिंजीर समोरून न शिरता अनेकदा देठाजवळ चोचीने भोक पाडून मध चोरतो, हे एकदा कळलं की कॅमेरा कुठे रोखायचा तेही कळतं. खुळखुळ्याची दहा रुपयांची बी टाकली तर ऑक्टोबरात तिच्या सुकत्या शेंगांवर टायगर आणि क्रो जातीचे नर गोळा होतात. त्यांना त्या झाडातली विशिष्ट रसायनं हवी असतात. ते तिथे इतके गुंग असतात की मोबाइल वीतभर अंतरावर नेता येतो. घाणेरीवरही फुलपाखरं खूप येतात, पण ती बाहेरून आलेली आणि सगळं व्यापणारी आहे. ती मुद्दाम लावू नये.

पाण्यासाठी कुंभाराकडचं उथळ परळ पुरतं, शंभर ते अडीचशे रुपये. पाणी दोन बोटांहून खोल नको, मध्ये एक दगड हवा आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर आपणच डासांची पैदास करू. एप्रिल-मेमध्ये या एका भांड्यावर जितके पक्षी मिळतात, तितके वाडीभर हिंडून मिळत नाहीत. भांडं अशा ठिकाणी ठेवा की सकाळचं ऊन तिरपं पडेल, मागे दहा-पंधरा फुटांवर झाडी असेल आणि तुम्ही पडवीत, खांबाआड बसू शकाल. पहिले आठ दिवस नुसतं बसा, कॅमेरा काढू नका. पक्ष्यांना तुमची सवय व्हायला लागणारे हे आठ दिवस कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

ज्यांच्या वाडीत चिकूच्या कळी आणि बी पोखरणाऱ्या अळ्यांवर औषध मारतात, त्यांना एक विनंती. घरालगतचा फुलझाडांचा पट्टा फवारणीतून वगळा. फवारणीनंतर त्या पट्ट्यातल्या अळ्या जातात, आणि अळ्यांवर पिल्लं वाढवणारे शिंपी-दयाळही दुसरीकडे वळतात.

खिशातला मोबाइल काय करू शकतो

पुष्कळ. स्वस्त फोनमध्ये 'मॅक्रो' म्हणून जो वेगळा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा देतात, तो विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर दुप्पट झूम करून थोडं लांबून घेतलेला फोटो त्यापेक्षा कितीतरी चांगला येतो. त्यापुढे जायचं असेल तर चिमट्याने अडकवायची मॅक्रो लेन्स घ्या. पाचशेची प्लास्टिकची लेन्स कडांना इंद्रधनुष्य दाखवते, पंधराशे ते अडीच हजारांची काचेची लेन्स बरी. तिला विषयापासून दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, म्हणून ती अळी, कोष, फूल, गोगलगाय, शांत बसलेला कोळी यांच्यासाठी. उडत्या फुलपाखरासाठी नाही.

मोबाइलवरची सगळ्यात मोठी चूक पांढऱ्या फुलाची. तगर, मोगरा, अनंत, चिकूचं इवलंसं दुधट फूल, यांच्या मागे गर्द पानं असली की कॅमेरा त्या अंधाराकडे बघून सगळं उजळ करतो आणि फुलाच्या पाकळ्या चुन्यासारख्या सपाट होतात. फुलावर बोट ठेवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा. पाकळीवरच्या शिरा दिसू लागेपर्यंत ओढा. खर्च शून्य.

उजेड

पैसे कमी असतील तर ते उजेडावर खर्च करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे नऊनंतरचं ऊन कोरडं आणि टोकदार असतं. एक जुनं पांढरं धोतर दोन काठ्यांना बांधून फुलावर धरलं की ऊन मऊ होतं. स्टेशनरीच्या दुकानातला बटरपेपर पाच-दहा रुपयांना ताव, थर्माकोलचा तुकडा वीस-तीस रुपये. धोतर वरून, थर्माकोल सावलीच्या बाजूने. एवढ्यावर फुलाचा फोटो सत्तर टक्के सुधारतो असं माझ्या डोळ्यांना वाटतं.

पार्श्वभूमीसाठी तर तलासरीत राहणाऱ्याने काहीच विकत घेऊ नये. कारवीच्या कुडावर शेणमाती आणि गेरूचा हात फिरलेली भिंत, तिच्यासमोर चार-पाच फूट अंतर ठेवून झेंडूचं किंवा तगरीचं झाड. मागचा तांबूस रंग इतका एकसारखा आणि ऊबदार मिळतो की शहरात लोक छापील पडदे विकत घेतात तसला परिणाम इथे आपोआप येतो. अंतर मात्र ठेवाच. झाड भिंतीला टेकलं की भिंतीवरची सावली आणि भेगा फोटोत घुसतात.

जुना कॅमेरा, जपून

फोनची हद्द दोन ठिकाणी येते: उडता पक्षी आणि खूप लहान कीटक. तिथे अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा लागतो. घरच्या वापरासाठी नवा घेऊ नका. कॅनन १३००डी, १५००डी किंवा निकॉन डी३४००, डी५३०० यांपैकी एखादा जुना, १८–५५ लेन्ससकट, साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो. अशा कॅमेऱ्यांचं शटर ढोबळमानाने लाखभर क्लिकसाठी धरतात. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच क्लिकचा आकडा सापडतो, कॅननसाठी दुकानात विचारून दाखवायला लावावं.

लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिच्यात मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, परत द्या. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, काळे ठिपके दिसतील ते सेन्सरवरच्या धुळीचे. ती साफ होते, त्यासाठी किंमत कमी करून मागता येते.

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार हे जुन्या कॅमेऱ्यांचं ठिकाण. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तलासरीकरांना वापी जवळ पडते. कुठेही घेतलं तरी जीएसटीचं बिल मागा. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणणाऱ्याकडे वॉरंटीचा दावा करताना तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहता. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कीटकांसाठी पुढची पायरी. लेन्स उलटी बसवायची रिंग दोन-चारशे रुपयांना मिळते आणि विक्रेते ती फार सहज गळ्यात मारतात. पण आजच्या लेन्सना छिद्र बदलायची कडी नसते, त्यामुळे उलटी लावल्यावर छिद्र हाताबाहेर जातं. ती रिंग घ्यायचीच असेल तर कडी असलेली जुनी ५० मिमी लेन्स शोधा, अडीच ते पाच हजार. नाहीतर विजेचे संपर्क असलेली एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, दोन ते चार हजार. चार-पाचशेची ट्यूब बिनसंपर्काची असते. रेनॉक्स डीसीआर २५० हे लेन्सच्या पुढे चिमट्यासारखं लावायचं भिंग सहा ते नऊ हजारांच्या आसपास पडतं. ५५–२५० किंवा ७०–३०० सारखी झूम असेल तर तिच्यावर ते फार छान चालतं. अशी झूम जुनी सहा ते पंधरा हजारांत मिळते, आणि तीच पडवीतून पाण्याच्या भांड्यावरच्या पक्ष्यांसाठीही उपयोगी पडते. माझ्या मते घरच्या माणसाने इथेच थांबावं. खरी मॅक्रो लेन्स, ९० किंवा १०५ मिमीची, जुनी वीस-तीस हजारांना आणि नवी त्याच्या दुप्पट-तिप्पट. दोन पावसाळे रोज फोटो काढल्यानंतरच तिचा विचार करा.

कीटकाचा बारकावा हवा असेल तर हाताने चालवायचा साधा फ्लॅश (अडीच ते साडेतीन हजार) आणि पुन्हा भरता येणारे चार सेल चार्जरसकट (हजार-दीड हजार). फ्लॅशपुढे बटरपेपरचे दोन थर. छिद्र एफ/८ ते एफ/११, शटर १/१६०, आयएसओ २०० ते ४००, इथून सुरुवात करा. फुलपाखराच्या मिटल्या पंखाला कॅमेऱ्याचं तोंड समांतर धरा, म्हणजे सगळा पंख एकाच वेळी स्पष्ट येईल. नैसर्गिक उजेडात फुलपाखराला किमान १/२५०, पंख फडफडवणाऱ्या शिंजिराला १/१००० किंवा जास्त.

पावसाळा: इथेच पैसे बुडतात

पहिल्या वर्षी मी लेन्स तिच्या चामड्याच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली. जूनमध्ये ठेवली, गणपतीनंतर काढली. आत पांढऱ्या धाग्यांचं नाजूक झाड उगवलं होतं. दुरुस्तीचा अंदाज लेन्सच्या निम्म्या किमतीहून जास्त आला, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असल्याने डाग तरीही राहणार होते. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच हा भाग जरा लांबवतोय.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा सतत ओली असते, आणि नरपड, चिंचणी, बोर्डीच्या बाजूला त्यात समुद्राचा खारा वारा. चामडं, कापड, फोम ओल धरून ठेवतात. कॅमेऱ्याची पिशवी ही पावसाळ्यात कॅमेरा ठेवायची सगळ्यात वाईट जागा. उपाय साधा आहे. रबरी कडीचा, हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा (चारशे ते सातशे), आत किलोभर सिलिका जेल (अडीचशे ते चारशे), आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ (दोनशे ते साडेतीनशे). काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान असावा. ६०च्या वर गेला की जेल वाळवायचं. ते ओव्हनमध्ये किंवा वेगळ्या काढलेल्या तव्यावर मंद आचेवर, पण ज्यात अन्न शिजतं त्या भांड्यात मुळीच नाही. निळ्या रंगाच्या जेलमधला रंग विषारी असतो, म्हणून केशरी रंगाचं मागा. तांदळात लेन्स पुरून ठेवू नका, पिठूळ धूळ आत जाते.

विजेवर चालणारं कोरडं कपाट सात ते बारा हजारांना मिळतं. पण वीज गेली की ते नुसतं कपाट. पाड्यावर राहणाऱ्याला डबाच जास्त भरवशाचा. बुरशी लागलेली लेन्स साफ करायला प्रत्येकी दीड ते चार हजार जातात. डब्याचा सगळा खर्च त्याहून कमी.

समुद्राकाठी फोटो काढून आल्यावर कॅमेरा किंचित ओलसर, पिळलेल्या सुती कापडाने पुसून मग कोरडा करा. आठवड्यातून एकदा लेन्स सकाळच्या उजेडात काढून वापरा. वापरात असलेल्या काचेवर बुरशी सहसा धरत नाही.

पाय, साप आणि कायदा

या यादीतली एक वस्तू कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही: गमबूट, साडेतीनशे ते सहाशे रुपये. चिकूच्या झाडाखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो, त्यात घोणस दिसतच नाही. फोटो काढणारा माणूस तर खाली बघतच नाही, त्याचा डोळा फुलपाखरावर. आयसीएमआरच्या संशोधकांनी डहाणू तालुक्यात सर्पदंशावर काम केलंय, ते उगाच नाही. संध्याकाळनंतर बेडूक किंवा वटवाघळं टिपायला जाताना टॉर्च हातात हवा, खिशात नको. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हालचाल कमी ठेवून सरळ सरकारी रुग्णालय. साप घरात आला तर त्याच्यासोबत फोटो काढू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. चिकूवर टाकलेल्या जाळीत वटवाघूळ किंवा घुबड अडकलं तरी तोच नंबर.

घरट्यांबाबत कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात रानपक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. म्हणजे शिंप्याने शिवलेलं पान 'जरा बाजूला करून' आतल्या पिल्लांचा फोटो घेणं हा निष्पाप प्रकार नाही. आणि ते पान हललं की घरटं कावळ्याला दिसतं. घरटं दिसलं तर लांबून एकदा पाहा आणि आठवडाभर ती बाजू सोडा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं, फुलपाखराला फ्रीजमध्ये गार करून फुलावर बसवणं, सरड्याला दोऱ्याने बांधणं, यातून मिळणारे फोटो मी बघतही नाही.

फुकट मिळणारं

ओळख पटवायला पैसे लागत नाहीत. पक्ष्यांसाठी मर्लिन आणि ईबर्ड, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट ही अ‍ॅप मोफत आहेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, १२ तारीख पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. त्या आठवड्यात रोज सकाळी पंधरा मिनिटं परसदारचे पक्षी मोजून ईबर्डवर टाकले तर तुमच्या वाडीची नोंद कायमची राहते. झाडं कशी लावायची ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ओवळेकर वाडी आहे. एका शेतकरी कुटुंबाने आपली जमीन फुलपाखरांसाठी राखून बाग उभी केली आहे. तिथे कॅमेऱ्यापेक्षा वही घेऊन जा आणि कुठलं झाड कुठल्या झाडाशेजारी लावलंय ते टिपून आणा.

हिशेब असा: मोबाइल असलेल्याला पहिलं वर्ष झाडं, भांडं, बटरपेपर, भिंग आणि गमबूट मिळून साडेतीन-चार हजारांत निघतं. जुना कॅमेरा, जुनी झूम, पुढचं भिंग, फ्लॅश आणि डबा असा संच तीस ते पंचावन्न हजारांत बसतो.

आणखी एक लहान खर्च. दुसऱ्याच्या अंगणात फोटो काढला तर विचारून काढावा आणि छापून द्यावा. सहा बाय चारची प्रत दहा-पंधरा रुपये, लॅमिनेशनसकट तीस. तलासरीजवळच्या एका पाड्यावर एका आजींच्या कढीपत्त्यावर मी कॉमन मॉर्मनची अळी टिपली होती. त्या रोज सकाळी अळ्या वेचून फेकत. फोटो नेऊन दिला, शेजारी त्याच अळीच्या फुलपाखराचाही दिला. आजींनी दोन्ही चुलीपासून लांब, कॅलेंडरशेजारी अडकवले. पुढच्या पावसात त्यांच्या नातवाचा फोन आला: आजीने कढीपत्त्याची एक फांदी तोडायची नाही म्हणून सांगितलंय, तिच्यावर पाच अळ्या आहेत, काका, तुम्ही कधी येताय?